दही, टॉवेल आणि कोमाल नदी

लेकीला ऑस्टिनच्या विद्यापीठात पोचवून त्याच दिवशी डॅलसला परतायचे नाही, हे आम्ही जून महिन्यातच ठरवून टाकले होते. आपापली मुले पोचवून आलेल्या दोन मैत्रिणींनी वेगवेगळ्या वेळी मला एकच गोष्ट सांगितली होती, की निरोप एक वेळ निभावतो, पण त्यानंतरचा साडेतीन-चार तासांचा परतीचा रस्ता निभावत नाही. त्यावर नवऱ्याने तोडगा काढला. ऑस्टिनहून मागे न फिरता आणखी पाऊण-एक तास दक्षिणेला न्यू ब्राउनफेल्स गाठायचे, दुसऱ्या दिवशी तिथल्या कोमाल नदीत हवेच्या ट्यूबमध्ये बसून नुसते वाहत राहायचे आणि तिसऱ्या दिवशी घरी यायचे. मला पोहता येत नाही हा मुद्दा मी मांडला आणि तो चार विरुद्ध एक मताने फेटाळला गेला.

विरोधी मतांपैकी एक सासूबाईंचे होते, याचे मला अधिक वाईट वाटले. त्या बहात्तर वर्षांच्या असून नातीच्या पाठवणीसाठी म्हणून वाईहून तीन महिन्यांकरता आल्या होत्या. त्यांचे माहेर आणि सासर दोन्ही वाईचे; वाळक्या भोपळ्यांची सांगड पोटाला बांधून त्या कृष्णेत पोहायला शिकल्या, आणि पुढे ट्रकच्या टायरमधल्या ट्यूबवर बसून गणपतीच्या घाटापासून खाली वाहत जाण्याचा उद्योगही त्यांनी भावांबरोबर केलेला आहे. त्यामुळे लोक पैसे देऊन हेच करायला जातात, हे ऐकून त्यांना हसू आवरेना.

माझी भीती मात्र निराधार नव्हती. 4 जुलै 2025 रोजी पहाटे ग्वाडलुपे नदीच्या वरच्या खोऱ्यात आलेल्या पुराने शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला, त्यांत उन्हाळी शिबिराला आलेल्या लहान मुलीही होत्या. ती बातमी मराठी वाहिन्यांवर पाहून वाईहून आम्हाला चार फोन आले, आणि हीच नदी पुढे न्यू ब्राउनफेल्समधून जाते हे नकाशात दिसल्यावर माझा उरलासुरला धीरही सुटला. शेवटी नवऱ्याने मला शेजारी बसवून नकाशा समजावून दिला. पूर आला तो भाग बराच वर आहे, मध्ये कॅनियन धरण आहे आणि आपण ग्वाडलुपेत उतरणारच नाही. कोमाल ही वेगळी नदी असून ती गावातच उगम पावते आणि गावातच ग्वाडलुपेला मिळते. तिची सगळी लांबी चार किलोमीटर. एवढीशी नदी माझे काय करणार, असे मी मनाला समजावले.

पहिला दिवस: डॅलस ते ऑस्टिन

पहाटे सहाला निघालो तेव्हा गाडीत पाच माणसे आणि एकोणीस पिशव्या होत्या. एकोणीस हा आकडा मला ठाऊक आहे, कारण लेकीने प्रत्येक पिशवीवर क्रमांक घातला होता आणि यादी स्वतःच्या फोनमध्ये ठेवली होती. धाकट्याच्या मांडीवर टेबललॅम्प होता आणि सासूबाईंच्या पायांशी इडलीपात्र. वसतिगृहाच्या खोलीत शेगडी लावायला बंदी आहे हे लेकीने तीनदा सांगूनही ते गाडीत कसे आले, याचा उलगडा अजून झालेला नाही.

दीड तासाने वेस्ट नावाचे गाव लागले. नाव वेस्ट असले तरी ते टेक्ससच्या पश्चिमेला नाही. एकोणिसाव्या शतकात येथे चेक लोक येऊन वसले आणि त्यांचा कोलाचे हा पदार्थ आता या महामार्गावरच्या प्रवासाचा भागच होऊन बसला आहे. कोलाचे म्हणजे मऊ, किंचित गोड पावाच्या गोळ्याला मध्ये खळगा करून त्यात जर्दाळू, आलुबुखार किंवा खसखशीचे सारण भरून भाजलेला प्रकार. खसखशीचा तुकडा तोंडात टाकून सासूबाई म्हणाल्या, "ह्या लोकांनाही खसखस कळते तर." शाकाहारी मंडळींनी इथे एवढे ध्यानात ठेवावे, की वरून बंद दिसणाऱ्या लांबट पावांत बहुधा सॉसेज असते, वर फळ उघडे दिसत असेल तेच मागावे.

जेस्टर या वसतिगृहात तीन हजारांच्या आसपास मुले राहतात, म्हणजे ते एक लहानसे गावच आहे. सामान उतरवायला प्रत्येकाला वेळ नेमून दिलेली असते आणि ती पाळावी लागते, कारण मागे गाड्यांची रांग उभी असते. चाकांच्या मोठ्या गाड्या मिळतात, मदतीला विद्यार्थी स्वयंसेवक असतात, तरीही अडतीस अंशांच्या उन्हात सगळे वर जाईपर्यंत आम्ही घामाने निथळलो. पुढच्या वर्षी कोणी मुले पोचवायला जाणार असेल तर दोन गोष्टी सांगते. तिथल्या खाटा नेहमीच्या एकेरी खाटांपेक्षा लांब असतात, त्यामुळे त्या मापाच्याच चादरी घ्याव्यात. आणि गाडी सोडण्यापूर्वी डिकीत एकदा वाकून पाहावे. हे दुसरे आम्ही केले नाही.

खोली लावून झाली. चादरीचा एक कोपरा बसवला की दुसरा सुटत होता, म्हणून ती मी दोनदा घातली. नवऱ्याने दाराचे कुलूप चार वेळा उघडून-लावून पाहिले आणि धुराच्या यंत्राचे बटण दाबून अख्ख्या मजल्याला दचकवले. मग कोणालाच काही काम उरले नाही. आम्ही पाच जण त्या खोलीत उभे होतो आणि एसीचा आवाज तेवढा येत होता.

सासूबाईंनी पर्समधून दह्याचा डबा काढला. खालच्या दुकानातून त्यांनी तो केव्हा घेतला, कोणाला कळले नव्हते. घरातून कोणी लांब जायला निघाले की त्याच्या हातावर दही घालायचे, म्हणजे तो सुखरूप परत येतो, हा त्यांचा शिरस्ता. पण दह्याचे झाकण उघडल्यावर त्या थबकल्या. नातीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "पण जाणार तर आपण आहोत. ही इथेच राहणार. मग दही कुणाच्या हातावर घालायचं?"

या प्रश्नाला शास्त्रात उत्तर असेल, तर ते आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हते. लेकीने आजीच्या हातातून डबा घेतला, प्लॅस्टिकच्या चमच्याने आधी आजीच्या, मग बाबाच्या आणि मग माझ्या तळहातावर दही घातले. अठरा वर्षे मी जिच्या हातावर परीक्षेच्या दिवशी दही घातले, तिच्यापुढे हात पसरून उभी राहताना माझ्या हाताला कंप सुटला होता आणि दही मनगटावर ओघळले. "नीट धर ना आई," ती म्हणाली, आणि मग आम्हा दोघींनाही पुढचे काही बोलता आले नाही. नवरा भिंतीवरचे आग लागल्यास करावयाच्या कृतीचे पत्रक वाचत राहिला. "आम्ही येतो गं," एवढे सासूबाईंनीच म्हटले.

धाकटा या सगळ्यात कुठे होता, हे माझ्या नंतर लक्षात आले. त्याने दही चाटले, हात पँटला पुसला आणि आमच्या आधीच जाऊन लिफ्टचे बटण दाबून उभा राहिला. वय वर्षे बारा. बहिणीला त्याने हातही केला नाही. न्यू ब्राउनफेल्सपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता आणि काय खाणार, या प्रश्नाला त्याने "काही नको" एवढेच उत्तर दिले. मी रडेन म्हणून तयारीने आलेल्या नवऱ्याने रुमालांचे नवे खोके पुढे ठेवले होते; ते तसेच राहिले.

हॉटेलात सामान टाकून उन्हे कलल्यावर लांडा पार्कमध्ये गेलो. कोमालचे झरे तिथेच आहेत. चुनखडकाच्या भेगांतून पाणी गाजावाजा न करता बाहेर येते, इतके नितळ की तळातला खडा न् खडा दिसतो. हे पाणी एडवर्ड्स नावाच्या प्रचंड भूजलसाठ्यातून येते आणि टेक्ससमधले हे सर्वांत मोठे झरे समजले जातात. उन्हाळा असो की हिवाळा, पाण्याचे तापमान 21-22 अंशांच्या आसपास असते. अटण्याची वेळ एकदाच आली; 1950 च्या दशकातल्या दीर्घ दुष्काळात, 1956 मध्ये, हे झरे काही महिने पूर्णपणे थांबले होते. सासूबाईंनी वाकून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले. धोम धरण झाल्यापासून कृष्णेचे पाणी घाटावर सोडल्यावरच येते, असे त्या म्हणाल्या आणि बराच वेळ तिथे बसून राहिल्या.

दुसरा दिवस: तव्यावरून

कोमाल हा स्पॅनिश शब्द असून त्याचा अर्थ तवा, ज्यावर मेक्सिकन घरांत टॉर्टिया भाजतात तो. शाळेत स्पॅनिश घेतलेल्या धाकट्याने न्याहारीच्या वेळी ही माहिती दिली, आणि आदल्या दुपारपासूनचे ते त्याचे पहिले पूर्ण वाक्य होते. "म्हणजे तव्यावर बसून जायचं म्हणा की," सासूबाई म्हणाल्या. तासाभराने उन्हात ठेवलेल्या काळ्या रबराच्या ट्यूबवर मी बेसावधपणे बसले, तेव्हा नाव किती चपखल आहे ते मला समजले. ट्यूब पाण्यात बुडवून थंड केल्याशिवाय तिच्यावर बसू नये.

नदीवर नेमके काय करायचे असते, हे थोडक्यात सांगते. नदीकाठच्या दुकानांतून ट्यूब भाड्याने मिळते, भाड्यासोबत नगरपालिकेचे लहानसे नदीशुल्क घेतले जाते आणि मनगटावर कागदी पट्टी बांधतात. मग वरच्या बाजूला पाण्यात उतरायचे, प्रवाहाबरोबर खाली जायचे, युनियन अॅव्हेन्यूच्या शेवटच्या घाटावर बाहेर पडायचे आणि दुकानाच्या बसने परत यायचे. पाणी भरपूर असेल तर दीड तास लागतो. यंदा पाऊस कमी असल्याने आम्हाला अडीच तास लागले. शनिवार-रविवारी इतकी गर्दी होते, की पाणी दिसत नाही असे ऐकले. आम्ही धाकट्याच्या शाळेला दोन दिवस दांडी मारून कामाच्या वारी गेलो आणि सकाळी दहाच्या आत पाण्यात उतरलो, ते फार बरे झाले. पाणी कमी असेल तेव्हा तळ असलेली ट्यूब मागून घ्यावी. मधोमध भोक असलेली घेतल्यास उथळ जागी खडकांचा हिशोब बुडाला चुकवावा लागतो.

नदीत टाकाऊ वेष्टने नेण्यास सक्त मनाई आहे. डबाबंद पेये, प्लॅस्टिकच्या बाटल्या, पिशव्यांतले वेफर्स यांतले काहीही चालत नाही. जे न्यायचे ते पुन्हा वापरता येण्याजोग्या भांड्यातून न्यावे लागते. उतरण्याच्या जागी एक तरुण पिशव्या तपासत होता आणि आमच्या पुढच्या मंडळींना अर्धे सामान गाडीत ठेवून यायला त्याने परत पाठवले. सासूबाईंनी त्याच्यापुढे कडीचा स्टीलचा डबा उघडला. आत वरच्या कप्प्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, खाली कोरडी भेळ. त्याने झाकण लावून कडी दोनदा घालून-काढून पाहिली, कुठे मिळतो असे विचारले आणि आम्हाला सन्मानाने आत सोडले. तुळशीबागेतून तो डबा 1980 च्या सुमारास आणला होता, हे सासूबाईंनी त्याला मराठीतून सांगितले.

मी लाइफ जॅकेट घातले. पोहता येत नसेल तर लाजू नये. माझ्यासारख्या आणखी दोघी-तिघी होत्या. चपला पट्ट्याच्या हव्यात, अंगठ्याच्या चपला पहिल्या पाच मिनिटांत वाहून जातात. चष्म्याला मागून दोरी बांधावी. ही सूचना दुकानातल्या मुलीने आम्हाला दिली होती आणि नवऱ्याने ती हसण्यावारी नेली होती.

पाण्यात पाय घालताच थंडीची एक कळ टाचेपासून मानेपर्यंत गेली, पण दोन मिनिटांत ती ओसरली आणि मग अडतीस अंशांच्या दुपारी बावीस अंशांच्या पाण्यात पडून राहण्यासारखे सुख नाही, हे मला निमूटपणे मान्य करावे लागले. वर सायप्रसची उंच झाडे दोन्ही काठांवरून वाकलेली आहेत. ओंडक्यांवर कासवे एकामागोमाग एक ऊन खात बसलेली असतात आणि ट्यूब जवळ आली की शेवटचे कासव आधी पाण्यात उडी घेते. सासूबाई पंजाबी ड्रेसमध्ये ओढणीशिवाय, डोक्यावर नातवाची टोपी घालून, हाताने वल्हवत आमच्या पुढे होत्या. एका वळणावर त्या मोठ्याने ओरडल्या, "अगं, अळू!"

खरोखरच अळू होते. काठाने हत्तीच्या कानाएवढ्या पानांचे रानच माजले होते. मूळचे आशियातले हे झाड इथे नदीकाठी इतके पसरले आहे, की स्थानिक वनस्पतींना ते जागा उरू देत नाही. या झऱ्यांत बोटाच्या पेराएवढा एक दुर्मीळ मासा राहतो, त्याच्या अधिवासाच्या रक्षणासाठी जे काम चालते त्यात हे अळू उपटणे हेही एक काम आहे. ही हकिकत मी सांगितल्यावर सासूबाईंना आनंदच झाला. "उपटायचंच आहे तर मी नेते की चार पानं. वड्या होतील." मग त्यांनी स्वतःच ट्यूब काठाशी नेऊन देठ निरखला आणि निकाल दिला: "हिरव्या देठाचं आहे. वडीचं नाही, फदफद्याचं. आणि खाजरं असणार." नदीतून काही उपटून नेऊ नये हे मी वेगळे सांगावे लागले नाही.

पुढे प्रवाह अगदी संथ झाला. नवरा आणि मी मागे राहिलो होतो. धाकट्याने आजीच्या ट्यूबच्या कडीत पाय अडकवला होता आणि दोघे जोडीने गोल गोल फिरत चालले होते. पाण्यावरून आवाज लांबवर येतो.

"आजी, बाबा घर सोडून गेला तेव्हा कितीचा होता?"

"ताईएवढाच. इंजिनियरिंगला कऱ्हाडला गेला. पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन एस.टी.त बसला. फोन नव्हता आपल्याकडे. आठव्या दिवशी कार्ड आलं, सुखरूप पोचलो म्हणून."

"मग आठ दिवस तू काय केलंस?"

"काय करणार? संध्याकाळी घाटावर जाऊन बसायचे. म्हणायचे, हेच पाणी खाली कऱ्हाडला जाणार आहे."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिले नाही. तो कऱ्हाडच्या प्रीतिसंगमाविषयी खूप बोलतो, कृष्णा-कोयना कशा समोरासमोर येऊन मिळतात ते प्रत्येक पाहुण्याला सांगतो, पण त्याची आई चार वर्षे वरच्या अंगाला बसून असे काही म्हणत होती, हे त्यालाही त्या दिवशीच कळले असावे.

धाकटा थोडा वेळ गप्प होता. मग त्याने मान मागे टाकून हाक मारली, "बाबा, हे पाणी ऑस्टिनला जातं का?"

"नाही रे," इंजिनियरने उत्तर दिले, "ही नदी ग्वाडलुपेला मिळते आणि ती तिकडे खाली समुद्राला. ऑस्टिन कोलोरॅडो नदीवर आहे. आणि ते आपल्या वरच्या बाजूला, उत्तरेला."

"मग काय उपयोग," धाकटा म्हणाला आणि त्याने कडीतून पाय काढून घेतला.

खरे उत्तर देण्याची ती वेळ होती का, यावर आम्ही नंतर बरेच बोललो. त्या क्षणी बोलायला सवड मिळाली नाही, कारण समोरून पाण्याचा मोठा आवाज येऊ लागला होता. नदीवर एक बंधारा आहे आणि त्याच्या बगलेतून ट्यूबसाठी सिमेंटची उतरती वाट काढलेली आहे. पाणी तिच्यातून घसरगुंडीसारखे धावते. तोंडाशी जीवरक्षक उभे असतात आणि एकेकाला सोडतात. ज्यांना नको असेल त्यांना बाजूने उतरून चालत जाता येते. मी चालत जायचे ठरवले होते. पण सासूबाई हात वर करून, "गणपती बाप्पा..." अशी आरोळी ठोकत खाली गेल्या, खालच्या अनोळखी मंडळींनी टाळ्या वाजवल्या, आणि बहात्तराव्या वर्षी त्या गेल्यावर मला पायवाट धरणे शोभेना. मी डोळे मिटून गेले. साऱ्या प्रकाराला दहा सेकंदे लागली असतील. खाली भोवऱ्यात दोन गिरक्या घेऊन मी सरळ झाले, नाकात पाणी, पण अखंड.

माझ्यामागून आलेला नवरा मात्र ट्यूबसकट उलटला. वर आला तेव्हा हसत होता आणि चेहरा कसा तरी वेगळाच दिसत होता. चष्मा गेला होता. उणे पाच नंबरचा, आणि दुसरा डॅलसला कपाटात. धाकट्याने बुड्या मारून शोधला, जीवरक्षकाने आपल्या पाणचष्म्यातून तळ पाहिला. कोमालने तो परत दिला नाही. त्यानंतरचा तासभर मी एका हाताने नवऱ्याची ट्यूब धरून त्याला खांब, पूल आणि इतरांची डोकी यांविषयी सूचना देत होते. पोहता न येणारी बाई वाटाड्या झाली. दशम्या आम्ही शेवटच्या पुलाच्या सावलीत खाल्ल्या आणि त्या थोड्या भिजल्या होत्या, तरी चारांचा डबा दहा मिनिटांत संपला.

जुन्या शाळेच्या बसमधून, ओल्या कपड्यांनी, आम्ही गाडीपाशी आलो. हॉटेलचे टॉवेल बाहेर नेऊ देत नाहीत, म्हणून घरून आणलेली टॉवेलांची पिशवी डिकीतून काढली. चार टॉवेल, कोरे करकरीत, विद्यापीठाच्या विटकरी-नारिंगी रंगाचे. सासूबाईंनी एक अंगाभोवती गुंडाळून घेतला, धाकट्याने एक डोक्यावरून घेतला. आपल्याकडे या रंगाचे टॉवेल कधी होते, असा विचार मी करत असतानाच सासूबाईंच्या खांद्यावर लोंबणारी किमतीची चिठ्ठी मला दिसली. पिशवीवर मार्करने 17 लिहिलेले होते.

गाडीत ठेवलेल्या फोनवर सकाळी आठचा निरोप होता: "आई, माझे टॉवेल?" आणि नऊचा दुसरा: "मी टी-शर्टने अंग पुसलं."

संध्याकाळी जवळच्या ग्रूनला गेलो. नाव लिहायचे एक आणि म्हणायचे 'ग्रीन', ही जर्मन वारशाची खूण. 21 मार्च 1845 रोजी जर्मन राजपुत्र कार्ल याने न्यू ब्राउनफेल्सची स्थापना केली आणि आसपास अशी नावे विखुरलेली आहेत. तिथला 1878 चा लाकडी नाचघर अजून चालू आहे. दारे-खिडक्या उघड्या, छताला पंखे, व्यासपीठावर गिटारवाला. अर्धा तास उभे राहून ऐकले. नवऱ्याला काहीच दिसत नसल्याने त्याने सर्वांत मन लावून ऐकले.

रात्री हॉटेलच्या धुलाईयंत्रात नाणी टाकून टॉवेल धुवायला घातले तेव्हा ते तीनच भरले. चौथा गाडीत राहिला असेल म्हणून मी शोधायला गेले नाही.

तिसरा दिवस: पाच मिनिटे

नवऱ्याच्या डोळ्यांमुळे गाडी मी घेतली. निघाल्यावर लगेच महामार्गावर त्या प्रसिद्ध पेट्रोल पंपावर थांबलो, जिथे एका वेळी 120 गाड्यांत पेट्रोल भरता येते आणि ज्याच्या स्वच्छतागृहांची लोक तीर्थक्षेत्रासारखी वर्णने करतात. वर्णने खरी आहेत. लहान मुले किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर इथे थांबावेच.

मी लेकीला फोन केला. माझ्या मनात दुपारचे जेवण एकत्र घ्यावे असे होते. तिने सांगितले, की अकरापर्यंत येत असाल तर खाली येते, पाच मिनिटे आहेत, साडेअकराला तिच्या मजल्यावरच्या मुलींबरोबर कुठेसे जायचे आहे. आदल्या दिवशी ज्या मुलींची नावेही तिला ठाऊक नव्हती, त्यांच्याबद्दल ती "आम्ही" म्हणत होती.

पावणेअकराला वसतिगृहाजवळच्या कोपऱ्यावर पिवळे दिवे लावून गाडी उभी केली. तिथे थांबायला परवानगी नाही, पण त्या आठवड्यात सगळेच आईबाप तसे थांबतात. ती पळत आली. ओले केस, पायांत अंगठ्याच्या चपला, गळ्यात नवे ओळखपत्र. आजीला खिडकीतूनच मिठी मारली, बाबाला "चष्मा कुठाय?" असे विचारले आणि उत्तर ऐकून इतकी हसली, की रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांनी वळून पाहिले. मी घडी घातलेल्या तीन टॉवेलांची पिशवी पुढे केली. डोळ्यांत पाणी आणायला वेळच नव्हता.

"तीनच?"

मी काही बोलण्याच्या आत मागचे दार उघडून धाकटा खाली उतरला. त्याने आपल्या दप्तरातून बोळा केलेला चौथा टॉवेल काढून तिच्या हातात दिला.

"ई, हा ओला आहे. आणि ह्याला कसला वास येतोय?"

"नदीचा," धाकटा म्हणाला. "धुऊ नकोस लगेच."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. आजीने नातवाला आत ओढले आणि मी गियर टाकला.